जपानी ताईच्या कॅसेटी

मी अरबी शिकले ती शाळेत नाही, टीव्हीसमोर. शाळेत अरबीचा तास आम्हा भारतीय मुलांनाही सक्तीचा होता, पण तिथे आम्ही 'हा दरवाजा, ही खिडकी' यापुढे फारसे सरकलो नाही. खरी भाषा मला कार्टूननी दिली. आखातातल्या त्या रुवैस गावात तेव्हा दुसरं होतं तरी काय? बाबा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात, आई घरी, मी एकुलती. कंपनीच्या कॉलनीत एकसारखी घरं, एक क्लब, एक सुपरमार्केट, समोर समुद्र आणि मागे वाळवंट. अबू धाबीला जायचं तर गाडीत बसून कंटाळा येईपर्यंत लांब. त्यामुळे शाळेतून आलं, जेवलं की मी टीव्हीसमोर फतकल मारायची.

कार्टूनमधलं अरबी पुस्तकी असतं हे मला माहीत नव्हतं. एकदा बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, मी दुकानदाराला कार्टूनमधल्या सरदारासारखं म्हणाले, 'हे सज्जना, मला एक दुधाची पिशवी प्रदान कर.' तो येमेनी म्हातारा काउंटरवर डोकं टेकून हसला. नंतर गिऱ्हाईक आलं की तो मला थांबवून ठेवायचा, 'यल्ला, बोल, बोल' म्हणायचा, आणि मी पण बोलायची.

माझं सगळ्यात आवडतं कार्टून एका बंदराच्या गावातल्या मुलीचं होतं. ती शाळेच्या रिले शर्यतीत पळायची. बाप जेमतेम बोलणारा. आई दूरच्या शहरात नोकरीला गेलेली, असं सुरुवातीलाच निवेदक सांगायचा. रोज संध्याकाळी ती मुलगी आईच्या फोटोशी बोलायची, आज किती पळाले, पायात कशी कळ आली, कोण पुढे गेलं. दर भागाला मला वाटायचं, उद्या हिची आई येणार. पण ती मालिका शेवटपर्यंत कधी दाखवलीच नाही. रमजान आला की टीव्हीचं वेळापत्रक बदलायचं, आणि ईद झाली की गाडी परत पहिल्या भागावर. असं तीनदा तरी झालं असेल. मधेमधे दृश्यंही तुटायची. मुलगी धावून घरी शिरायची आणि पुढच्याच क्षणाला ओल्या केसांनी रस्त्यावर उभी. मधलं कुठे गेलं?

एके दिवशी बाबा लवकर घरी आले होते. चहा पिता पिता त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मुलीच्या घराच्या दारावरची पाटी क्षणभर दिसली.

"अगं, हे जपानी आहे," बाबा म्हणाले. "आमच्या कंप्रेसरच्या नेमप्लेटवर अशीच अक्षरं असतात."

"नो बाबा, इट्स अरेबिक."

"बोलतायत अरबी. पण बघ ना, चपला कुठे काढल्यात, जेवतायत कशाने. अरब कधी काड्यांनी जेवतात?"

इतकी वर्षं त्या काड्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्यांच्याविषयी एकदाही विचार केला नव्हता. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हे जपानी असेल, तर जपानी माणसाला शेवट माहीत असणार. आणि जपानी माणसं तर रुवैसमध्ये होती. रिफायनरीत नवीन युनिट उभं राहत होतं आणि त्या कामावर जपानी इंजिनिअर आले होते. बहुतेक सगळे एकटे, कॅम्पमध्ये राहणारे. पण एकाने बायकोला आणलं होतं, आणि ती आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहायची. सकाळी मोठी टोपी आणि हातमोजे घालून ती झाडांना पाणी घालताना दिसायची.

मी अकरा वर्षांची होते. आईला न विचारता गेले आणि बेल वाजवली. तिने दार उघडलं, कमरेतून वाकली. मी इंग्रजीत विचारलं, "त्या कार्टूनमधली आई परत येते का?" तिला एक अक्षर कळलं नाही. तिने हसून मला एक खाऊची पुडी दिली आणि दार हळूच लावून घेतलं.

घरी आईने फैलावर घेतलं. "ओळख ना पाळख, लोकांच्या दारात कशाला गेलीस? परत गेलीस तर बघ."

मी परत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, पुडी आणि बंद दार. तिसऱ्या दिवशी मी वेगळा विचार करून गेले. तिने दार उघडताच मी त्या कार्टूनचं गाणं अरबीतून म्हणायला लागले, मोठ्याने, हातवारे करून. ती आधी दचकली. मग तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या कडव्याला तिने तोंडावर हात ठेवला आणि मग तीही गायला लागली, चाल तीच, शब्द वेगळे. दारात उभ्या राहून आम्ही दोघींनी ते गाणं आपापल्या भाषेत पूर्ण केलं. तिने मला मनगटाला धरून आत नेलं.

अर्ध्या तासाने आई मला शोधत आली. तिला आतून हसण्याचा आवाज ऐकू आला म्हणून ती चिडायची थांबली. मी तिला सांगितलं, "आई, ही काकू," आणि त्या बाईला इंग्रजीत सांगितलं, "मदर. यू, आंटी."

आंटी म्हटल्याबरोबर त्या बाईचा चेहरा पडला. "नो, नो," ती बोट हलवत म्हणाली. "सिस्टर! बिग सिस्टर!"

आई म्हणाली, "बरं बाई, ताई तर ताई." तेव्हापासून ती आमची जपानी ताई.

आईला इंग्रजी बेताचं यायचं आणि ताईला त्याहून कमी. तरी त्या दोघींचं चांगलं जमलं. ताईला रुवैसमध्ये बोलायला कुणी नव्हतं. नवरा पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. ती आमच्याकडे यायची, दारात चपला काढून त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायची, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून आई काय करते ते बघायची. एकदा तिने आम्हाला जेवायला बोलावून तिच्या देशातली करी केली. एका डब्यातून चॉकलेटसारखी वडी काढली आणि पाण्यात सोडली. आईने तो चमत्कार पाहिला, चाखून पाहिला आणि मला मराठीत म्हणाली, "ही करी? गोड वरण आहे हे. पण तिला सांगू नकोस." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ताईकडून मला जपान कळायला लागला तो असा, घरातल्या घरात. पाण्याने भरलेल्या टबात बसण्याआधी बाहेरच अंग धुऊन घ्यायचं. भाताचा एक दाणा ताटात ठेवायचा नाही. नवऱ्याचा डबा असा भरायचा की झाकण काढल्यावर रंग दिसले पाहिजेत. मी हातवाऱ्यांनी विचारायची, ती चित्रं काढून सांगायची. आणि त्या मुलीच्या आईचा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून विचारत होते. तो मात्र ती टाळायची. तिला प्रश्न समजलेला असायचा, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. शेवटी तिने जपानमध्ये बहिणीला फोन केला, आणि काही आठवड्यांनी पार्सल आलं. भाचीने टीव्हीवरून उतरवून ठेवलेल्या जुन्या कॅसेटी. जपानी पद्धतीच्या असल्याने त्या आमच्या व्हीसीआरवर चालत नव्हत्या, तिच्याच मशीनवर चालायच्या.

ज्या दिवशी पहिली कॅसेट लावली त्या दिवशी आई बेसनाचे लाडू घेऊन आली होती. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. आधी कसल्याशा साबणाची जाहिरात, मग हवामानाचा नकाशा, त्यावर छत्र्या. मला त्या छत्र्यांचं इतकं नवल वाटलं की मी रिवाइंड करायला लावलं. मग गाणं, तेच गाणं. आणि मग एक दृश्य आलं जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अरबीत सुरुवात समुद्रापासून व्हायची. इथे एक अंधारी खोली होती. भिंतीशी लाकडी कपाट, दारं उघडी, आत त्या आईचा फोटो. ती मुलगी गुडघ्यांवर बसली. तिने छोटी घंटा वाजवली. उदबत्ती लावली. हात जोडले.

मी ताईला काही विचारणार तेवढ्यात आई माझ्या शेजारी म्हणाली, "अगं, ही गेलीय."

"कोण?"

"हिची आई. फोटोसमोर उदबत्ती लावलीय, बघत नाहीस? जिवंत माणसाच्या फोटोला कुणी उदबत्ती लावतं का?"

मी ताईकडे पाहिलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण काय बोलणं झालं ते कळलं असावं. तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं मी वाट पाहत होते. कुणीतरी, कुठेतरी खोलीत बसून ठरवलं होतं की मुलांना हे सांगायचं नाही. उदबत्ती कापली आणि आईला नोकरीला पाठवून दिलं. "दे लाइड!" मी ओरडले. "दे जस्ट लाइड!" ताई घाबरून मशीन बंद करायला उठली. मला वाटलं आई रागावेल. आई लाडवांचा डबा तिथेच ठेवून उठली आणि घरी निघून गेली.

मी घरी आले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मी ओट्याशी उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाही असंच सांगितलं होतं."

"व्हॉट?"

"आजी गेली तेव्हा. तू पोटात होतीस, सातवा महिना. मला विमानात बसू देणार नव्हते, आणि धक्का बसेल म्हणून कुणी सांगितलंच नाही. मी फोन करायची. मावशी म्हणायची, आई झोपलीय. आई देवळात गेलीय. आई शेजारी बसायला गेलीय. तू झाल्यावरही महिनाभर तेच." लाटणं चालूच होतं. "तुझ्या बाबांनाही माहीत होतं."

"यू डिडन्ट गेस?"

"नाही. मला वाटायचं, ती रुसलीय. मग मीही रुसले. म्हटलं, हिला नातीचा आवाज ऐकायचा नसेल तर राहिलं. मेलेल्या बाईवर रुसून बसले होते मी." तिने पोळी तव्यावर टाकली. "ते वाईट नव्हते गं. माझ्या भल्यासाठीच केलं. तुझ्यासाठी. पण मला रडायला वेळेवर मिळालं नाही, आणि नंतर रडायची लाज वाटली."

त्या दिवशी ओट्याशी उभं राहून मी ठरवलं की मी जपानी शिकणार. थोडंसं नाही, पूर्ण. माझ्या आणि त्या मुलीच्या मधे मला कुणी नको होतं. मी आईला तसं सांगितलं. वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "शीक. पण अर्धवट सोडू नकोस."

बाबांचं मत वेगळं होतं. "जपानी शिकून काय करणार? दहावीनंतर सायन्स घे, इंजिनिअरिंग कर. लँग्वेज काय, हॉबी म्हणून ठीक आहे."

"आय विल डू बोथ."

"दोन्ही कसं होणार?"

"शिकू दे तिला," आई आतून म्हणाली. एवढंच. तिचा आवाज असा होता की बाबांनी पुढे काही विचारलं नाही.

ताईने मला अक्षरं शिकवली. तिच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली, मीठ, सुरी, मोरी, आणि मी ती वाचल्याशिवाय मला पाणीही मिळायचं नाही. कॅसेटींमधल्या जाहिराती माझ्या पाठ झाल्या. आजही मला जपानी नूडल्सची एक जाहिरात सुरात म्हणता येते. पण युनिटचं काम संपलं आणि वर्षभरात तिची जायची वेळ आली. जाताना तिने मशीन, कॅसेटी आणि एक जाडजूड शब्दकोश आमच्याकडे ठेवला. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत, जपानीत म्हणाली, "उरलेले भाग मी पाठवीन. अर्थ विचारू नकोस. तू मला सांग." ते पूर्ण वाक्य मला कळलं. मी तिच्या गळ्यात पडले. ताई आधी लाकडासारखी ताठ झाली, मग तिनेही मला घट्ट धरलं.

त्यानंतर शिकवायला कुणीच नव्हतं. मी शब्दकोश घेऊन एकटीच बसायची. लिहिलेलं बरोबर की चूक, कळायला मार्ग नव्हता. मग एक दिवस बाबा माझी पानं आपल्या हेल्मेटच्या पिशवीत घालून ड्यूटीवर घेऊन गेले. मला विचारलंही नाही. संध्याकाळी परत आणली तर त्यावर लाल शाईने दुरुस्त्या. साइटवर राहिलेल्या दोन जपानी इंजिनिअरांना त्यांनी गाठलं होतं. "त्यांच्यात भांडण झालं," बाबा सांगू लागले. "एक म्हणतो हे असं लिहायचं, दुसरा म्हणतो तसं. शटडाऊनची मीटिंग राहिली बाजूला. मी म्हटलं, खलास, दोन्ही लिहा." त्यानंतर दर आठवड्याला पानं जाऊ लागली. सायन्सचं बोलणं त्यांनी बंद केलं नाही, पण पिशवीत पानं घालायचीही विसरले नाहीत.

ताई शब्दाला जागली. कॅसेटी येत राहिल्या. शेवटची आली तेव्हा मी दहावीत होते, आणि ती मी लावली नाही. शब्दकोश उघडायला न लागता समजेल तेव्हाच बघायची, असं मी ठरवलं. पुढे पुण्याला कॉलेजात गेले, बाबांच्या समाधानासाठी सायन्स घेतलं आणि संध्याकाळी जपानीच्या क्लासला जाऊ लागले. तिथे माझ्यासारखे वेडे खूप भेटले. सीडीवर उतरवलेली कार्टून एकमेकांना द्यायची, कुणाच्या तरी खोलीवर सात-आठ जणांनी एका कॉम्प्युटरसमोर कोंबून बसायचं. अरबीतून हे सगळं पाहिलेली त्यांच्यात मी एकटीच. मला शेवट माहीत नाही हे कळल्यावर एकाने तो इंटरनेटवरून शोधून सांगायचा चंग बांधला. तो तोंड उघडायला लागला की मी कानात बोटं घालून अरबी गाणं म्हणायची. शेवटी त्यानेच नाद सोडला. याच भाषेवर पुढे मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम मिळालं, पण ते बरंच नंतरचं.

जपानीच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झाले, त्या वर्षीच्या सुट्टीत मी रुवैसला आले आणि आईला म्हटलं, "शेवटची कॅसेट लावू या."

"मला काय कळणार?"

"मी सांगते ना. मराठीत."

आई पदर खोचून बसली. "सांग. पण काही गाळू नकोस."

भर दुपार होती, एसीची घरघर आणि टीव्ही. मी प्रत्येक वाक्यामागून मराठी सांगत गेले. कुठे अडले तर 'थांब' म्हणून रिवाइंड केलं. त्या मुलीची शर्यत झाली. त्यांचा संघ तिसरा आला, पहिला नाही. मग तिला दुसऱ्या शहरातल्या शाळेत जागा मिळाली. निघायच्या सकाळी ती पिशवी घेऊन त्या कपाटासमोर बसली आणि फोटोला एक शब्द म्हणाली. घरातून निघताना जपानमध्ये सगळेच रोज म्हणतात तो शब्द. क्लासात आम्हाला त्याचा इंग्रजी अर्थ शिकवला होता, तो मला कधीच पटला नव्हता. मी आईला म्हटलं, "ती म्हणाली, येते हं, आई."

"जाते नाही म्हणाली?"

"नाही. येतेच म्हणतात."

कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या. मग आई म्हणाली, "मीही आईला हेच म्हटलं होतं. एसटीत चढताना." आणि उठून तिने फोनचं कार्ड शोधलं.

पलीकडे मावशी होती, कुडाळला. आईने खुशाली विचारली नाही. "आई कशी गेली ते मला सांग. पहिल्यापासून."

मावशी काहीतरी म्हणाली असावी, आता कशाला ते, इतक्या वर्षांनी. आई म्हणाली, "मला ऐकायचंय. तू सांग, मी ऐकतेय." मग ती फोनजवळ जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली. मधेच कार्ड संपलं. बाबा तोवर जेवायला घरी आले होते, दारातच उभे होते, सगळं ऐकत. आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते पानावर बसले नाहीत. गाडीची किल्ली घेतली आणि त्या उन्हात जाऊन कार्डं घेऊन आले. एक नाही, चार. तिच्या हातात देताना म्हणाले, "तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"हो," आई म्हणाली. "हवं होतं." आणि परत नंबर फिरवला.

फोन झाल्यावर तिने तोंड धुतलं. डोळे सुजले होते, पण ती हसत होती, मला ते विचित्र वाटलं. "मला वाटायचं, शेवटी माझी आठवण काढून गेली असेल," ती म्हणाली. "मावशी म्हणते, कुणाचंच नाव घेतलं नाही. दोन दिवस आंबोळी मागत होती. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर. डॉक्टर देऊ देईनात, आणि ही बाई हट्टाला पेटलेली. शेवटी दिलीच म्हणे." ती खुर्चीवर बसली आणि हसता हसता रडू लागली, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. बाबा तिच्याजवळ जाऊन बसले.

त्या रात्री मी ताईला जपानीत लिहिलं, शेवटच्या भागाचा अर्थ, तिने सांगितल्याप्रमाणे, माझा मी. आईने तांदूळ आणि उडीदडाळ भिजत घातली.